पोस्टमन काकांचं मॉरिशस

(२८ डिसेंबर २०२५ रोजी आपल्या दहावीच्या २००० सालच्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून दिलं आहे.)



समितीने मला विषय दिला आहे, ‘परदेश प्रवासाचं नियोजन कसं करावं’. कारण काय, तर मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे मी सारखी विमानात असणार असा सगळ्यांचा समज. खरं सांगते, माझी अठरा वर्षांची नोकरी बहुतेक ऐरोलीतल्या एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर गेली. पण या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मी, माझी आई आणि माझी मुलगी असा पंधरा दिवसांचा प्रवास आम्ही केला. देश आफ्रिकेतला, आपल्या पालघर जिल्ह्यापेक्षाही लहान. नाव मॉरिशस. त्याचीच गोष्ट सांगते. नियोजनाचं त्यात येईलच.

मॉरिशसच का, हे सांगायचं तर आधी बाबांबद्दल बोलावं लागेल. तुम्ही सगळे त्यांना पोस्टमन काका म्हणायचात. बोईसर-चिल्हार रस्त्याने सायकल हाणत यायचे, पावसाळ्यात पत्रांची पिशवी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली आणि स्वतः मात्र भिजलेले. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी आयटीआयचा कॉल, एमआयडीसीतल्या ॲप्रेंटिसशिपचं पत्र, बहिणीच्या बाळंतपणाची खबर त्यांच्याच हातून आली. मगाशी चहाच्या वेळी तिघांनी मला ते सांगितलं. माझं इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचं पत्रही त्यांनीच आणलं, आणि घरात दुसऱ्या पोस्टमनसारखं दारातूनच हाक मारून, सही घेऊन दिलं!

बाबांना तिकिटांचा नाद होता. पैसे देऊन तिकिटं घ्यायची ऐपत नव्हती. लोकांकडून रिकामी पाकिटं मागून आणायचे, वाटीतल्या पाण्यात भिजवून तिकिटं सोडवायचे आणि वर्तमानपत्रावर वाळत घालायचे. सगळी एका बिस्किटांच्या डब्यात. त्याच डब्यात १९९३ सालचं एक कात्रण होतं. १८४७ साली मॉरिशसने काढलेली दोन तिकिटं, एक पेनीचं नारिंगी-लाल आणि दोन पेन्सचं निळं, मॉरिशसमधल्या बँकेने आणि काही कंपन्यांनी मिळून लिलावात विकत घेऊन मायदेशी नेली, अशी ती बातमी. किंमत वीस लाख डॉलरच्या आसपास.

त्या तिकिटांची गोष्ट बाबांनी मला इतक्या वेळा सांगितली की मी झोपेतही सांगेन. दोन्ही प्रकारची पाचशे-पाचशेच छापली होती. आज जगात मिळून सत्तावीसच उरल्याची नोंद आहे. तिकिटावर ‘पोस्ट ऑफिस’ अशी अक्षरं आहेत. कोरणाऱ्याने चुकून ‘पोस्ट पेड’ऐवजी ती कोरली, अशी एक दंतकथा आहे. अभ्यासक ती मानत नाहीत, पण बाबांना ती फार आवडायची. म्हणायचे, “बघ, चुकीचीही किंमत होते, फक्त ती जपून ठेवायला हवी.” माझ्या गणिताच्या पेपरनंतर हे वाक्य त्यांनी मुद्दाम म्हटलं होतं. गणिताचे सर समोर बसलेत, त्यांना आठवत असेल का तो पेपर, ठाऊक नाही. आठवत नसेल तर बरंच.

आणि या तिकिटांचा आपल्या मुंबईशीही संबंध आहे. १८५० साली मॉरिशसहून एक पत्र मुंबईला आलं, बायबल सोसायटीच्या सचिवाच्या नावाने. त्या पाकिटावर एक पेनीची अशी दोन तिकिटं होती. आज ते पाकीट टपालाच्या इतिहासातल्या सर्वांत नावाजलेल्या वस्तूंपैकी एक आहे. बाबा म्हणायचे, “कोणत्या तरी पोस्टमनने ते मुंबईत पोचवलं असेल ना! त्याला काय ठाऊक, आपल्या हातात काय आहे.”

तर निवृत्त झाल्यावर मॉरिशसला जाऊन ती तिकिटं बघायची, हे बाबांचं ठरलेलं. २०१७ साली ते निवृत्त झाले. त्या वर्षी घराचं छप्पर करायचं होतं. पुढच्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. २०१९ मध्ये मी एक्सेल शीट केली, नाव दिलं ‘मॉरिशस आवृत्ती १’. मग करोना. मग माझा प्रोजेक्ट. मग मुलीची परीक्षा. दर वेळी आम्ही म्हणायचो, पुढच्या वर्षी. शीटच्या सात आवृत्त्या झाल्या, पण एकही प्रत्यक्षात उतरली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाबा गेले. झोपेत गेले, कुणाला त्रास न देता. डबा कपाटात तसाच राहिला.

या वर्षी गणपती जवळ यायला लागले तशी मला आईची काळजी वाटू लागली. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. मखर बाबा करायचे, आरतीचा पहिला आवाज बाबांचा. वर्षाच्या आत असल्यामुळे यंदा गणपती काकांकडे बसणार होता. म्हणजे आई मोकळ्या कोपऱ्यासमोर बसणार. मी तिला म्हटलं, “आई, आपण मॉरिशसला जाऊ या.” ती म्हणाली, “ह्यांच्याशिवाय मी कशाला जाऊ? मला काय करायचंय तिकीट बघून?” मी गप्प बसले. दोन दिवसांनी तिनेच फोन केला. “तिथं गुडघे दुखले तर बसायला मिळेल ना?” एवढंच विचारलं. मी त्या रात्रीच विमानाची तिकिटं काढली. पुन्हा ‘पुढच्या वर्षी’ ऐकायची माझी तयारी नव्हती.

आता नियोजनाकडे येते, नाहीतर समिती मला घंटा वाजवेल.

पहिली गोष्ट, पॅकेज. सहल कंपन्यांचं मॉरिशस म्हणजे सहा रात्री, सात दिवस, आणि सोबत नवीन लग्न झालेली जोडपी. आई म्हणाली, “मी त्यांच्यात काय करू?” मुख्य बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब आणि ४५ रुंद. पण बसने, सावकाश, माणसं बघत फिरायचं तर पंधरा दिवस जास्त नाहीत.

दुसरी गोष्ट, हवामान. तो देश दक्षिण गोलार्धात, त्यामुळे आपला ऑगस्ट म्हणजे त्यांचा हिवाळा. वादळांचा मोसम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, तो टाळायचा. हिवाळ्यात आग्नेयेकडून जोराचा वारा येतो, म्हणून पूर्व किनाऱ्यावर समुद्र खवळलेला आणि पश्चिमेला शांत. समुद्रावर बसायचे दिवस मी पश्चिमेला ठेवले. भूगोलाच्या बाई, व्यापारी वारे तुम्ही फळ्यावर काढले होते, ते पंचवीस वर्षांनी कामाला आले. तेव्हा मी शेवटच्या बाकावर नकाशात रंग भरत होते, याबद्दल आज माफी मागते.

तिसरी गोष्ट, कागदपत्रं. भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, तिथे उतरल्यावर शिक्का मिळतो. परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि पुरेसे पैसे असल्याचा पुरावा हाताशी ठेवायचा, आणि निघण्यापूर्वी ऑनलाइन फॉर्म भरायचा. ‘आफ्रिका म्हणजे पीतज्वराचं इंजेक्शन’ असं मला निदान दहा जणांनी सांगितलं. आफ्रिका हा एक देश नाही. मुंबईहून थेट मॉरिशसला जाऊन थेट परत येणार असाल तर ते इंजेक्शन लागत नाही. पण केनिया किंवा इथिओपियामार्गे विमान बदलणार असाल तर आधी नियम नीट वाचा. तिथून परतताना आपल्याच विमानतळावर अडचण होऊ शकते. स्वस्त तिकिटाच्या मोहात हे विसरायला होतं.

चौथी गोष्ट, सामान. आईने पिशवीत दूर्वा, जास्वंद आणि परसातले चिकू भरले होते. रोपं, फुलं, ताजी फळं अशी परवानगीशिवाय नेता येत नाहीत. बेटावरच्या शेतीला बाहेरची कीड लागू नये म्हणून ते फार काळजी घेतात. चिकू शेवटी ऐरोलीच्या सोसायटीच्या वॉचमनने खाल्ले.

पाचवी आणि सगळ्यात महत्त्वाची, मुक्काम. माझ्या सातव्या आवृत्तीत चौदा रात्रींत सहा हॉटेलं होती. आई म्हणाली, “रोज बोचकं बांधायचं असेल तर मी घरीच बरी.” आठव्या आवृत्तीत तीन मुक्काम झाले. सहा रात्री मध्यभागी कात्र बोर्न गावात, कारण तिथून पोर्ट लुईसला मेट्रो जाते. ती मेट्रो आपल्या लार्सन अँड टुब्रोने बांधलेली. मग चार रात्री पश्चिम किनाऱ्यावर. शेवटच्या चार माहेबूरला, कारण तिथून विमानतळ जवळ. सगळीकडे स्वयंपाकघर असलेल्या खोल्या घेतल्या, म्हणजे आईचं पिठलं-भात चालू. रोज एकच ठिकाण ठरवायचं, दुसरं पायांना विचारून. खर्च तिघींचा मिळून चार लाखांच्या आत बसला. त्यातला मोठा वाटा विमानाचा. तिथला रुपया आपल्या पावणेदोन-दोन रुपयांच्या आसपास आहे, त्यामुळे किमती बघून आधी स्वस्त वाटतं आणि मग घाम फुटतो.

२४ ऑगस्टला निघालो. विमान साधारण सहा तासांचं. घड्याळ दीड तास मागे. गाड्या आपल्यासारख्या डावीकडून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच काळ्या दगडांचे ढीग. मजुरांनी शेतं साफ करताना हाताने वेचून रचलेले.

पोर्ट लुईसला बंदराजवळ आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख गिरमिटिया मजूर या देशात उतरले. बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले, दक्षिणेतले, आणि मुंबई बंदरातून गेलेले आपल्या कोकणातले. २००६ साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. तिथे सोळा दगडी पायऱ्या आहेत. बोटीतून उतरलेला माणूस त्या चढून वर यायचा. मग त्याची नोंद व्हायची, नंबर मिळायचा आणि उसाच्या मळ्यावर रवानगी. नोंद करणाऱ्याने ऐकलं तसं नाव लिहिलं. त्यामुळे पणजोबाचं पाळण्यातलं नाव आज तिथे कित्येकांचं आडनाव आहे.

आई त्या पायऱ्यांकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “आपल्या एमआयडीसीच्या गेटवरही असंच असतं. नाव, नंबर, आणि आत.” मला आपला वर्ग आठवला. पाड्यांवरून येणारी आपली काही मित्रमंडळी दिवाळीनंतर आई-बापांबरोबर वीटभट्टीवर जायची आणि परीक्षेला उगवायची. काही आठवीनंतर उगवलीच नाहीत. आज या मांडवातही ती नाहीत. यादी करताना आपण ‘संपर्क नाही’ असं लिहून पुढे गेलो. माझ्या शीटमध्येही मी तेच केलं असतं.

आता माझ्या चुकीची गोष्ट. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. तिकिटं ज्या ब्लू पेनी म्युझियममध्ये आहेत, तिथे जायचा दिवस मी २८ ठेवला. चतुर्थीची सुट्टी टाळायची, एवढी हुशारी केली होती. पण मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी दुसऱ्या दिवशी, विसर्जनाला असते! म्युझियम बंद. बाबांच्या कात्रणासह आई दारात उभी, आणि मी मोबाइलवर सुट्ट्यांची यादी शोधतेय. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधले बग काढणारी मी!

परतीच्या मेट्रोत समोर एक बाई बसल्या होत्या, साठीच्या, साडी नेसलेल्या, मांडीवर फुलांची पिशवी. आई माझ्यावर मराठीत करवादत होती, ते ऐकून त्या म्हणाल्या, “तुम्ही महाराष्ट्रातून आलात काय?” शाळेच्या पुस्तकातून उतरल्यासारखी स्वच्छ मराठी. तिथल्या मराठी घरांत आता रोजची भाषा क्रिओल आहे. मराठी मुलं शाळेत शिकतात. आई म्हणाली, “बेटेगाव. बोईसरजवळ.” बाईंनी समजल्यासारखी मान डोलावली. बोईसरच्या पुढे दोन स्टेशनं गेलात तरी बेटेगाव कुणाला माहीत नसतं, आणि इथे मान डोलावली गेली, यावर आई खूश झाली.

त्यांची मंडळी पश्चिम किनाऱ्यावर विसर्जनाला निघाली होती. त्यांनी मुलाला फोन केला आणि आम्हाला गाडीत घेतलं. किनाऱ्यावर दहा-बारा गणपती, ढोलकी, झांजा, आणि ‘झाकरी’. ही झाकरी म्हणजे आपल्या कोकणातली जाखडी, गोल फिरत नाचायची. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी पायांत घेऊन गेलं, ते अजून चालू आहे. आई लांब, माडाखाली उभी राहिली. “आमच्याकडे यंदा नाही,” असं तिने बाईंना सांगितलं. त्यांना किती कळलं कोण जाणे. त्यांनी काही विचारलं नाही, नुसता हात धरला आणि तिथेच उभ्या राहिल्या.

मग आरती सुरू झाली. शब्द आपलेच, चाल थोडी वेगळी, उच्चारांवर फ्रेंचची झाक. दुसऱ्या कडव्याला मला मागून आवाज ऐकू आला. आई म्हणत होती. नोव्हेंबरपासून तिच्या तोंडून मी आरती, गाणं, काही ऐकलं नव्हतं. मुलगी माझ्याकडे बघायला लागली, मी समुद्राकडे बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी म्युझियम उघडं होतं. मूळ तिकिटांवर सतत उजेड पडला तर रंग उडेल, म्हणून ठरावीक वेळीच थोडा वेळ दिवे लावतात. एरवी प्रतिकृती दिसतात. ती वेळ आधी विचारून जा, हे नियोजनातलं कामाचं कलम. दिवे लागले. काचेमागे दोन चौकोन, नखापेक्षा थोडे मोठे. आईने चष्मा लावला, कात्रण उघडलं, दोन्हीकडे बघितलं आणि म्हणाली, “एवढंसंच?” मग थोड्या वेळाने, “ह्यांनी सांगितलं होतं तसंच आहे.” दिवे गेले तरी ती तिथेच बसून राहिली. बसायला जागा होती. मी तिला तसं सांगितलं होतं.

बाहेर आल्यावर तिने एक पोस्टकार्ड मागितलं. चौथी शिकलेली माझी आई, तिने पाठमोरं होऊन काहीतरी लिहिलं आणि पत्ता मला घालायला लावला. नाव बाबांचं, पत्ता बेटेगावचा. बंदराजवळच टपालाचं संग्रहालय आहे, तेही बघितलं, आणि कार्ड पेटीत टाकलं.

पुढचे दिवस थोडक्यात सांगते. गंगा तलावाकाठी ३३ मीटर उंचीची शंकराची मूर्ती बघितली. शामारेलला सात रंगांची माती बघितली. आई म्हणाली, वारली चित्राला गेरू इथूनच आणायला हवा. ल मोर्नचा डोंगर खालूनच बघितला. पळून गेलेले गुलाम त्या कड्यावर लपत असत. गुलामगिरी १८३५ मध्ये संपली, आणि त्यांच्या जागी राबायला आपली माणसं आली. हा क्रम लक्षात ठेवून ते बेट बघितलं तर समुद्राचा निळा रंग थोडा वेगळा दिसतो. माहेबूरचा मोठा बाजार सोमवारी भरतो आणि आम्ही तिथे बुधवार ते रविवार होतो, हा माझा दुसरा बग. ७ सप्टेंबरला, पितृपक्ष लागायच्या आत, आईच्या अटीप्रमाणे घरी परत.

ऑक्टोबरमध्ये एका दुपारी कार्ड आलं. आताचा पोस्टमन तरुण मुलगा आहे, मोटरसायकलवर येतो. नाव वाचून तो दारात घुटमळला, कारण बाबांना तो ओळखत होता. आईने त्याला बसवलं, पाणी दिलं. मग कार्ड मला दाखवलं. त्यावर दोनच शब्द होते: “खुशाल पोचलो.” घरातून कुणीही गावाला निघालं की बाबा हेच बजावायचे, पोचल्यावर पत्र टाका, बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल. कार्ड आता बिस्किटांच्या डब्यात आहे, कात्रणाच्या शेजारी. त्यावरचं तिकीट आईने भिजवून काढू दिलं नाही.

मित्रांनो, माझी शीट मी समितीकडे दिली आहे, आठवी आवृत्ती, सुट्ट्यांची यादी दुरुस्त करून. ज्याला हवी त्याने घ्यावी. मॉरिशसलाच जा असं नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांनी अजून काळदुर्ग चढलेला नाही. फक्त शीटमध्ये तारखेचा रकाना पहिला भरा, बाकीचे आपोआप भरतात.

आणि समितीला एक विनंती. ‘संपर्क नाही’ अशी जी तेरा नावं यादीत आहेत, त्यातल्या पाच घरांचे पाडे मला माहीत आहेत. बाबांच्या सायकलवर पुढे बसून मी तिथे गेलेली आहे. पुढच्या रविवारी, ४ जानेवारीला, मी आणि दोघी मैत्रिणी सकाळी नऊ वाजता शाळेच्या फाटकापासून निघणार आहोत. ज्यांना यायचं आहे त्यांनी यावं. गाडीत अजून चार जणांची जागा आहे.

सर, बाई, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. वर्गात मी तुमचं इतक्या शांतपणे कधी ऐकलं नव्हतं.